पुढे कोण?

शर्यत म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शाळा सुटल्यावर दोन मुले 'त्या वडापर्यंत आधी कोण पोहोचतो ते पाहू' असे म्हणून धावत सुटतात, आणि तिसरा मुलगा त्यांची दप्तरे सांभाळीत पाहत राहतो. वडाच्या खोडाला ज्याचा हात आधी लागला तो जिंकला. तेथे पंच लागत नाही, घड्याळ लागत नाही, की नियमांचे पुस्तक लागत नाही. दप्तरे सांभाळणाऱ्या त्या मुलाला शर्यतीचा सगळा आनंद आयताच मिळतो. कारण धावणारे दोघेही एकाच वेळी त्याच्या डोळ्यांसमोर असतात, दोघांना तो नावाने ओळखतो, आणि शर्यत कोठे संपावयाची हे त्याला ठाऊक असते.

जगातील सगळ्याच शर्यती अशा वडापर्यंतच्या असत्या, तर पाहणाऱ्यांची केवढी सोय झाली असती! पण तसे नाही. काही शर्यती अशा आहेत की, त्या पाहावयास हजारो माणसे जमतात, उन्हात ताटकळत उभी राहतात, आणि आपण काय पाहिले हे त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते. धावणारे जिवाच्या आकांताने धावत असतात, पाहणारे कौतुकाने टाळ्या वाजवीत असतात. परंतु या क्षणी पुढे कोण आहे, हा साधा प्रश्न विचारला तर शेजारचा मनुष्य खांदे उडवितो. असे का व्हावे?

या प्रश्नाचा विचार करावयास सातारा जिल्ह्यातील खंडाळा हे गाव मोठे सोयीचे आहे. (लोणावळ्याजवळचे थंड हवेचे खंडाळे येथे मनात आणू नये. हे खंडाळे पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आहे.) गावाच्या उत्तरेस शिरवळजवळ नीरा नदी पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांची हद्द आखते. दक्षिणेस घाट ओलांडला की वाई-साताऱ्याचा मुलूख लागतो. साताऱ्याकडे बैलांच्या शर्यतीची एक तऱ्हा, पुण्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत दुसरी. आणि मधल्या घाटातून तिसऱ्याच एका शर्यतीचे सायकलस्वार घाम गाळीत जातात. तिन्ही ठिकाणी वेग आहे, ईर्षा आहे, तयारीसाठी खर्ची पडलेले दिवस आहेत. पाहणाऱ्याच्या पदरात मात्र तिन्ही ठिकाणी सारखे दान पडत नाही.

साताऱ्याकडील तऱ्हा आधी पाहू. खटाव तालुक्यातील पुसेगाव येथे सेवागिरी महाराजांची मोठी यात्रा भरते, आणि त्या यात्रेतील बैलगाड्यांच्या शर्यती सर्वदूर प्रसिद्ध आहेत. उघड्या मैदानावर शेजारी शेजारी पट्टे आखलेले असतात. प्रत्येक पट्ट्यात दोन बैलांची एक हलकी गाडी आणि तिच्यावर अंग चोरून बसलेला गाडीवान. निशाण पडले की सगळ्या गाड्या एकदम सुटतात. एका गटात जी पहिली येईल ती पुढच्या फेरीत जाते, आणि अशा रीतीने गाळत गाळत अखेर शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचतात. येथे पाहणाऱ्याला कसलाही हिशेब करावा लागत नाही. पांढरा खिलार पुढे आहे की काळ्या डोक्याचा, हे उघड दिसते. क्षणभर धुरळा उठतो, एखादी गाडी त्यात लपते आणि पुन्हा बाहेर येते तेव्हा ती एका बैलाच्या अंतराने पुढे आलेली असते; त्यासरशी सारे मैदान ओरडते. वडापर्यंतच्या शर्यतीचेच हे थोर रूप होय.

या शर्यती मध्यंतरी पुष्कळ वर्षे बंद होत्या. मुक्या जनावरांचे हाल होतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांवर बंदी घातली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली त्याविषयी कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा ग्राह्य ठरविला. बैलाला मारू नये, टोचू नये, अशा अटी त्यांत आहेत. जो प्राणी आपल्या इच्छेने शर्यतीत उतरलेला नाही, त्याच्या बाजूने बोलणारे कोणी तरी असावे, हे योग्यच झाले.

इतक्या सोप्या शर्यतीतही शेवटच्या रेषेवर मात्र घोटाळा होतो. दोन गाड्या जवळजवळ बरोबरीने आल्या की मैदानाच्या एका टोकाला उभे असलेले लोक म्हणतात, "अलीकडची आली!" आणि दुसऱ्या टोकाचे म्हणतात, "पलीकडची!" दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात, आणि तेच तर खरे दुखणे आहे. शेवटच्या रेषेच्या आधी, थोड्या मागच्या बाजूस जो उभा असतो, त्याला जवळच्या पट्ट्यातील गाडी आहे त्याहून पुढे दिसते. रेषेच्या पलीकडे, पुढच्या बाजूस जो उभा असतो, त्याला दूरच्या पट्ट्यातील गाडी पुढे वाटते. मेजावर दोन खडू एका ओळीत उभे करून एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून पाहिले, तर याची खात्री घरबसल्या पटते. म्हणून पंचाने बरोबर रेषेच्या टोकाशीच उभे राहावयाचे असते; दोन पावले इकडेतिकडे झाली की त्याचा डोळाही इतरांसारखाच फसेल. सांगलीस कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हाही हाच अनुभव येतो. काठावरच्या माणसाला होड्या एकीमागे एक अशा दिसतात, तर १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलावरून खाली पाहणाऱ्याला त्यांमधील अंतर स्वच्छ कळते. पुलावर चांगली जागा मिळविण्यासाठी लोक धडपडतात ते उगीच नव्हे.

कित्येकदा तर योग्य जागी उभ्या असलेल्या डोळ्याचीही शक्ती अपुरी पडते. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा हिने चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ५५.४२ सेकंदांत पुरी केली, आणि तिच्या पुढची रुमानियाची धावपटू ५५.४१ सेकंदांत पोहोचली. एका सेकंदाचा शंभरावा भाग! पापणी लवण्यास याच्या दसपट वेळ तरी लागतो. धावेच्या वेगाने हिशेब केला तर हे अंतर सात सेंटिमीटरांच्या आसपास भरते. ते कोणाही मनुष्याने नुसत्या डोळ्यांनी पाहून सांगितलेले नाही. रेषेवर रोखलेल्या कॅमेऱ्याने सांगितले, तेव्हा कांस्यपदक कोणाचे हे ठरले. आता आपल्याकडील पुष्कळ मैदानांवरही असा कॅमेरा येऊ लागला आहे, आणि त्यामुळे अनेक भांडणे वाचली असतील.

आता नीरा ओलांडून, पुणे मागे टाकून खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत जाऊ. येथेही बैलच धावतात, परंतु शर्यतीचा सारा नूर वेगळा. चढावर तयार केलेल्या धावपट्टीला येथे 'घाट' म्हणतात. गाड्याला चार बैल, त्यांच्यापुढे घोडेस्वार. आणि एका वेळी एकच गाडा सुटतो. त्या एका धावेला 'बारी' म्हणतात. गाडा सुटला, घाट चढून गेला, वरचे निशाण पडले, संपले. काही सेकंदांचा खेळ! किती सेकंद व सेकंदाचे किती अंश लागले हे घड्याळ सांगते, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागला त्याचा पहिला क्रमांक. सकाळी धावलेल्या गाड्याची स्पर्धा दुपारी धावणाऱ्या गाड्याशी असते. दोघांची कधी नजरानजरही होत नाही.

मग पाहणाऱ्याला दिसते काय? त्याला वेग दिसतो. आणि तो वेग असा असतो की अंगावर रोमांच उभे राहावेत. परंतु शर्यत त्याला दिसत नाही. सकाळी गेलेला गाडा तुफान गेला, दुपारचाही तुफान गेला. या दोन तुफानांत श्रेष्ठ कोणते, हे ध्वनिक्षेपकावरून आकडा ऐकल्याखेरीज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून घाटात बोलणाऱ्या निवेदकाला एवढे महत्त्व असते. मैदानातला निवेदक दिसत असलेल्या गोष्टीला रंग चढवितो. घाटातला निवेदक न दिसणारी गोष्ट प्रेक्षकांच्या हाती देतो. त्याने आधीचा उत्तम वेळ मोठ्याने सांगून ठेवला नाही, तर गाडा वर पोहोचल्यावर लोकांनी आनंद मानावा की हळहळावे, हेही त्यांना उमगणार नाही.

आणि येथे एक नाजूक गोष्ट उत्पन्न होते. मैदानात हरलेला मालक आपल्या डोळ्यांनी हार पाहतो. घाटात हरलेल्या मालकाला दुसऱ्याच्या हातातील घड्याळावर विश्वास ठेवावा लागतो. वर्षभर बैलाला लेकरासारखे सांभाळले, वेळेवर खुराक दिला, रोज फिरविले. आणि त्या सगळ्याचा निकाल एका अनोळखी माणसाचा अंगठा घड्याळाच्या कळीवर केव्हा पडला यावर अवलंबून राहतो. तो अंगठा निःपक्षपाती आहे, ही खात्री गावोगावच्या लोकांना वाटते म्हणूनच घाट भरतात. घड्याळ धरणाऱ्याचे नाव बक्षिसाच्या यादीत कधी येत नाही. तरी त्याच्या सचोटीवर उभा राहिलेला हा खेळ आहे.

पुन्हा खंडाळ्यास येऊ. पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे ६४३ किलोमीटरांची 'डेक्कन क्लिफहँगर' नावाची एक सायकल-शर्यत अलीकडच्या काळात होऊ लागली. तिचे स्वार खंबाटकी घाट चढून वाई, पाचगणी, महाबळेश्वर असे डोंगरच डोंगर पार करीत जातात. घाटाच्या पायथ्याशी चहाच्या दुकानापुढे बसलेल्या माणसाला या शर्यतीतील किती दिसते? एक स्वार येतो. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर काळा चष्मा. चेहरा असा दिसतच नाही. मागे मदतीची मोटार. तो चढाला लागतो, वळणाआड जातो, संपले. पुष्कळ वेळाने दुसरा येतो. पहिला पुढे आणि दुसरा मागे असे म्हणावे, तर तेही धोक्याचे! अशा शर्यतींत सगळे एकदम सुटतातच असे नाही. शिवाय कोणी एकटा सगळी वाट तोडणारा असतो, तर कोणी आळीपाळीने सायकल चालविणाऱ्या गटातील ताज्या दमाचा गडी असतो. मागून येऊन पुढच्याला सहज मागे टाकणारा स्वार कदाचित त्याचा प्रतिस्पर्धीही नसेल. आणि खरी शर्यत ठरावयाची ती गोव्याच्या वाटेवर, रात्रीच्या अंधारात, जेथे पाहावयास चिटपाखरूही नसते.

घाट आणखी एक गंमत करतो. दोन स्वारांत अर्ध्या मिनिटाचे अंतर आहे असे समजा. सपाट रस्त्यावर ते ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असतील, तर सेकंदाला दहा मीटर या हिशेबाने दोघांमध्ये तीनशे मीटर मोकळा रस्ता दिसेल. तेच दोघे घाटात ताशी १२ किलोमीटर वेगाने चढू लागले की मधला रस्ता शंभर मीटरच उरेल. पाहणारे ओरडतील, "गाठला! गाठला!" वस्तुतः मागच्याने पुढच्याचा एक सेकंदही कमी केलेला नसतो. उतार लागून वेग ताशी ५४ किलोमीटर झाला की तेच अंतर साडेचारशे मीटर दिसेल, आणि पाहणारे म्हणतील, "गेला बिचारा मागे पडला." अर्धे मिनिट मात्र जेथल्या तेथे आहे. डोळा अंतर मापतो, शर्यत वेळ मापते. आणि चढ-उतारांवर या दोघांचे जमत नाही.

सायकलीच्या शर्यतींचे माहेर जो फ्रान्स देश, तेथील लोकांनाही ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. देशभर फिरणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध शर्यतीत, 'तूर द फ्रान्स' हिच्यात, रोजचा वेळ मिळवून एकूण वेळ काढतात. त्यामुळे आज पहिला आलेला स्वार एकंदरीत विसावा असू शकतो. रस्त्याकडेच्या लोकांना खरा अग्रेसर ओळखता यावा म्हणून १९१९ साली त्याला पिवळा सदरा देण्याची चाल पडली. शर्यत भरविणारे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई, तोच हा रंग. तेव्हापासून खेड्यातले पोरही गर्दीतील पिवळा ठिपका पाहून 'तो पाहा पहिला' असे सांगू शकते.

पण १९८९ साली त्या पिवळ्या सदऱ्यानेही प्रेक्षकांना चकविले. शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरांची घड्याळाविरुद्धची धाव होती. आपल्या बैलांच्या बारीसारखी, एकेकट्याने धावावयाची. फ्रान्सचा लोरां फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता, म्हणून पिवळा सदरा घालून तो सर्वांच्या शेवटी निघाला. दुसऱ्या क्रमांकाचा अमेरिकन ग्रेग लेमाँ त्याच्या आधी निघून आधीच पोहोचला होता. आता लेमाँ नुसता उभा आहे, फिन्यों एकटाच सायकल मारीत येत आहे, आणि रस्त्याकडेचे लाखो लोक त्याच्याकडे कमी व घड्याळाकडे अधिक पाहत आहेत! ज्याच्याशी झुंज चालली आहे तो माणूस रस्त्यावर नाहीच. फिन्यों पोहोचला तेव्हा पन्नास सेकंदांची शिल्लक संपून वर आठ सेकंदांचे देणे झाले होते. तीन हजार दोनशेहून अधिक किलोमीटर धावून आठ सेकंदांनी हार! घड्याळ नसते तर लोकांनी पिवळ्या सदऱ्यालाच जयजयकार करीत खांद्यावर घेतले असते.

आपल्या जिल्ह्यातील लोकांनी असाच एक ताटकळण्याचा प्रसंग २०१६ साली अनुभवला. माण तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. तेथील मोही गावची ललिता बाबर ब्राझीलमध्ये रिओच्या ऑलिंपिकला गेली. तिची शर्यत तीन हजार मीटर अडथळ्यांची. मैदानाला साडेसात फेऱ्यांच्या जवळपास धावावयाचे, वाटेत अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळे ओलांडावयाचे, आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून झेप घ्यावयाची. प्राथमिक फेरीत स्पर्धकांचे तीन गट केले होते. प्रत्येक गटातील पहिल्या तिघी सरळ अंतिम फेरीत जाणार, आणि उरलेल्या जागा वेळ पाहून भरणार. ललिता दुसऱ्या गटात होती, आणि तिचा क्रमांक आला चौथा!

डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या हिशेबी ती गेली. परंतु घड्याळ सांगत होते ९ मिनिटे १९.७६ सेकंद, आणि हा भारताचा नवा राष्ट्रीय विक्रम होता. तो पुरेसा आहे की नाही, हे मात्र त्या क्षणी कोणालाच सांगता येईना. कारण तिसरा गट अजून धावावयाचा होता. ज्या मुलींबरोबर ती एक पाऊलही धावली नव्हती, त्या मुलींच्या पायांवर तिचे भवितव्य लोंबकळत होते. तो गट धावला, आकडे जुळविले गेले, आणि ललिता अंतिम फेरीत गेली. धावपट्टीवरील शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय स्त्री पोहोचली ती उषानंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी. १५ ऑगस्टला ती फेरी झाली. ललिता दहावी आली. वेळ ९ मिनिटे २२.७४ सेकंद.

दहावी येणारी मुलगी पडद्यावर किती दिसते? कॅमेरा पहिल्या तिघींच्या मागे असतो, ते साहजिकच आहे. त्यातून बहरीनची रूथ जेबेट एवढी पुढे निघून गेली की तिच्यामागे झुंडीत काय चालले आहे याकडे फारसे कोणाचे लक्ष उरले नाही. त्या झुंडीतही एकेका जागेसाठी झुंज चाललेली असते. आठवी आणि बारावी यांच्यात कधी कधी काही पावलांचेच अंतर असते, आणि प्रत्येक पाऊल वर्षानुवर्षांच्या पहाटांनी कमावलेले असते. पण पाहणाऱ्याला ती एक गर्दी वाटते. शर्यत कळावयास कठीण असली की अन्याय होतो तो पहिल्या येणाऱ्यावर नव्हे. त्याचे नाव शेवटी सर्वांना कळतेच. मधल्यांची धाव मात्र कोणी पाहिलीच नाही असे होऊन जाते.

तथापि ही अडचण अगदीच निरुपायाची नाही. दर वर्षी साताऱ्यास डोंगरावरील अर्ध-मॅरेथॉन होते; २०१२ साली ती सुरू झाली. शहरातून निघून धावणारे यवतेश्वरचा घाट चढतात, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळतात आणि त्याच वाटेने परत येतात. एकंदर एकवीस किलोमीटर. हजारो लोक धावतात. प्रत्येकाच्या अंगावर एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि ती त्याचा स्वतःचा वेळ नोंदविते. कारण एवढ्या गर्दीत मागे उभ्या असलेल्याला सुटण्याच्या रेषेपर्यंत पोहोचावयासच काही मिनिटे लागतात. नुसता पाहावयास गेलेला मनुष्य या लोंढ्यात गोंधळून जातो. पण एखादा चौकस मुलगा साधे घड्याळ, कागद आणि पेन्सिल घेऊन घाटातील एका झाडाखाली बसला, तर त्याचे काम अवघड नाही. झाड मात्र बदलावयाचे नाही.

समजा, सर्वांत पुढचा धावणारा वर जाताना त्या झाडापाशी आला, आणि दुसरा त्यानंतर चाळीस सेकंदांनी आला. मुलाने कागदावर दोघांच्या छातीवरचे क्रमांक लिहिले आणि पुढे चाळीस हा आकडा मांडला. मग बराच वेळ वाट पाहणे. घाटात धुके उतरते, पावसाची एखादी सर येऊन जाते, कागद सदऱ्याखाली जपावा लागतो. परतीच्या वाटेवर पहिला पुन्हा त्याच झाडापाशी येतो; मुलगा मोजू लागतो. दहा, पंधरा, वीस... पंचविसाव्या सेकंदाला दुसरा झाडापाशी! वर जाताना चाळीस होते, आता पंचवीस. खाली शहरात शेवटच्या रेषेजवळ जमलेल्या लोकांना यातले काहीच ठाऊक नाही. पहिला धावणारा एकटाच वळणावर दिसताच ते त्याला विजयी समजून टाळ्या वाजवावयास सुरुवात करतील. झाडाखालचा मुलगा मात्र कागदावर पंधराची वजाबाकी मांडून, उताराची वाट अजून किती उरली आहे याचा हिशेब करीत बसलेला आहे.